पॉवर सप्लाय टिफिनच्या डब्यात बसवायचा आहे, पण ऊन मध्ये येऊन राहिलं

मानेवाडा_मेकर | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करतो. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), सेन्सर, कधी छोटा ऑडिओ अँप्लिफायर. सध्या टेबलावर तीन मोबाइल चार्जर, एक राउटरचा अ‍ॅडॅप्टर आणि नऊ व्होल्टचे मेलेले सेल असा संसार आहे. एकच सप्लाय हवा: ३.३, ५, ९ आणि १२ व्होल्ट, एक अँपच्या आत, स्टीलच्या टिफिनच्या एका खणात मावेल असा. टेबल लहान आहे आणि आईचा धीर त्याहून लहान.

नागपूरच्या बर्डीतून १२-०-१२ चा एक अँपचा ट्रान्सफॉर्मर, एलएम३१७ (व्होल्टेज हवं तेवढ्यावर आणून स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप), ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणला. झीरो पीसीबीवर जोडलं, चाललंही. पण ५ व्होल्टवर अर्धा अँप ओढला की चार-पाच मिनिटांत व्होल्टेज खाली येतं, थोडं थांबून परत वर जातं. हीटसिंकवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, चुर्र आवाज आला. माझी खोली वरच्या मजल्यावर, वर टिनाचं शेड. दुपारी खोलीतच ४२ असतात.

मोठा हीटसिंक घेऊ की पंखा लावू? दोन्ही टिफिनमध्ये मावत नाहीत.

तर्री_५५५ | रविवार, रात्री १०:३०

हीटसिंक बदलू नको भाऊ. त्यावरच तर्री गरम कर, पोहे मी आणतो.

रेवती_धरमपेठ | रविवार, रात्री ११:०५

आधी हिशेब करू, मग खरेदी.

१२ व्होल्ट ही एसीची आरएमएस किंमत. शिखर १.४१४ पट, म्हणजे जवळपास १७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, ते १.४ खातात. उरले साडेपंधरा, लोडवर १५ धर. तुला हवेत ५. मधले १० व्होल्ट एलएम३१७ स्वतःच्या अंगावर घेतो. १० गुणिले अर्धा अँप, ५ वॅट. सर्किटला मिळतात अडीच आणि उष्णतेत जातात पाच.

तुझा हीटसिंक तो क्लिपवाला छोटा असेल तर वॅटमागे साधारण २० अंश चढतो. ५ वॅटला १००. खोली ४२, म्हणजे हीटसिंक १४२. आतली चिप त्याहून २५ अंश वर. तिची मर्यादा १२५ आहे. ती स्वतःला बंद करते, थंड झाली की उठते. तुझं खाली-वर होणारं व्होल्टेज म्हणजे हेच. बिघाड नाही, शहाणपणा आहे तिचा.

मोठ्या हीटसिंकने हे ५ वॅट कमी होत नाहीत, फक्त टिफिनभर पसरतात. आणि टिफिनला झाकण आहे.

जुना_एलिमिनेटर | सोमवार, सकाळी ६:२०

रेवतीताईंचा हिशेब बरोबर आहे, पण ट्रान्सफॉर्मरला एवढ्यात मोडीत काढू नका.

आमच्या काळी या वस्तूला बॅटरी एलिमिनेटर म्हणत. ८४ साली मी पहिला बनवला. पत्र्याचा डबा इतवारीतून, ट्रान्सफॉर्मर बर्डीवरून, आणि पुढे गोल फिरणारा स्विच: ३, साडेचार, ६, साडेसात, ९, १२. त्यावर घरातला ट्रान्झिस्टर रेडिओ चालायचा, म्हणजे सेलचे पैसे वाचायचे. रेग्युलेटर नव्हताच, ट्रान्सफॉर्मरलाच तेवढे टॅप असत. आजही चालू आहे. एकदा कंडेन्सर बदलला, एकदा मेनची वायर उंदरानं खाल्ली, बाकी हात लावला नाही.

मेकर, एक विचारतो. एलएम३१७ डब्याच्या पत्र्याला थेट कसला आहेस का? त्याचा धातूचा कान आउटपुटला जोडलेला असतो, ७८०५ (कायम पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर) सारखा ग्राउंडला नाही. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी घाल. नाहीतर टिफिनच पाच व्होल्टचा होईल.

मानेवाडा_मेकर | सोमवार, सकाळी ८:४५

काका, थेटच कसला होता. आज अभ्रक आणतो.

आता कबुलीही देऊन टाकतो. हा दुसरा कंडेन्सर आहे. पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांच्या वायरी ब्रिजला लावल्या, मधली शून्याची मोकळी सोडली. वाटलं, १२ चा आहे तर १२ च येतील. कंडेन्सर २५ व्होल्टचा. दहाएक सेकंदांनी फाट्! खोलीभर कागदाचे कपटे आणि एक घाणेरडा वास. खालून आई ओरडली, "गॅस बंद कर!"

रेवती_धरमपेठ | सोमवार, सकाळी ९:१०

दोन टोकांमध्ये २४ येतात, त्याचं शिखर ३४. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर अजून दोन-तीन जास्त देतो. २५ व्होल्टच्या कंडेन्सरनं दहा सेकंद तग धरला हेच नवल. डोळे वाचले ना? चष्मा घालून चालू करत जा, हे गमतीत नाही सांगत.

पुणेरी_पाहुणा | सोमवार, दुपारी १२:०२

नागपूरकर अजून ट्रान्सफॉर्मर वापरतात हे वाचून गहिवरून आलं. जुन्या लॅपटॉपचं अ‍ॅडॅप्टर घ्यावं (१९ व्होल्ट, ६५ वॅटचं घरोघरी पडलेलं असतं), पुढे एलएम२५९६ चं बक मॉड्यूल लावावं, विषय संपवावा. बक जास्तीचं व्होल्टेज जाळत नाही, स्विचिंग करून बदलतं. उष्णता अगदी थोडी.

तर्री_५५५ | सोमवार, दुपारी १२:१०

पाहुणे, दुपारी १२ ला लिहून राहिले म्हणजे वामकुक्षीच्या आधीचं कर्तव्य दिसते. बाकी मुद्दा बराबर आहे.

झीरो_माइल | सोमवार, दुपारी ३:४०

बक मॉड्यूलबद्दल जरा सबुरीनं घ्या.

एक: एलएम२५९६ कागदावर १५० किलोहर्ट्झवर चालतो. मी ऑनलाइन मागवलेली पाच मॉड्यूल स्कोपवर लावली तर तीन ५० च्या आसपास चालत होती. म्हणजे आत दुसरीच जुनी चिप, वर नाव नवं. कमी फ्रिक्वेन्सीला कॉइल मोठी लागते, ती तर तेवढीच लावलेली. मग रिपल, म्हणजे आउटपुटवरची थरथर, वाढतो आणि कॉइल तापते. लिहिलेल्या ३ अँपवर जाऊ नका, दीडच्या आत राहा.

दोन: मेकरला ऑडिओ अँप्लिफायरही चालवायचा आहे. बकचा कचरा थेट ऑप-अँपच्या (अँप्लिफायरमधल्या चिपच्या) सप्लायवर गेला तर स्पीकरमध्ये किरकिर येते. मला तर ती मोबाइलच्या रिंगच्या आधी येणाऱ्या खरखरीसारखी वाटायची, चार दिवस फोनच बदनाम केला.

अवांतर: पोट्ट्यांना शिकवताना ग्राउंड म्हणजे काय हे सांगायला मी आपल्या नागपुरातला झीरो माइलचा, अंतरं मोजायचा, खांब वापरतो. पाच व्होल्ट म्हणजे नुसते पाच नाहीत, त्या खांबापासून पाच. दोन सप्लायचे खांब वेगवेगळे असले तर अंतराला काही अर्थ नाही. अर्ध्या लोकांचं सर्किट यामुळेच चालत नाही, ग्राउंड एकत्र जोडलेलंच नसतं.

सावजी_सर्किट | सोमवार, रात्री ९:१५

एवढं कायले करून राहिले? एलईडी बल्बमध्ये पाहा, ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. मेनच्या वायरीत ४०० व्होल्टचा एक कंडेन्सर टाका, ब्रिज, झेनर. आगपेटीत मावते!

रेवती_धरमपेठ | सोमवार, रात्री ९:२१

नाही. नाही. नाही.

त्यात मेन आणि आउटपुट यांच्यात कोणताही आडोसा नसतो. बल्ब प्लॅस्टिकमध्ये बंद असतो, त्याला कोणी चालू असताना हात लावत नाही. इथे माणूस ब्रेडबोर्डवर उघड्या तारा बोटांनी हलवणार. पाच व्होल्टच्या तारेला हात लावला आणि फेज तिथेच निघाली तर पाचाचा काही उपयोग नाही. संपादकांनी तो प्रतिसाद राहू द्यावा, पण खाली हा उत्तर म्हणून असावा.

सावजी_सर्किट | सोमवार, रात्री ९:४०

बरं ताई, मागे घेतो. माझ्याकडं असाच एक आहे, देवघरातल्या दिव्यांच्या माळेचा. उद्या काढून टाकतो.

जुना_एलिमिनेटर | मंगळवार, सकाळी ६:०५

मेनवर चालणारी कोणतीही नवी वस्तू पहिल्यांदा लावताना सिरीज बोर्ड वापरा. फेजच्या वायरीत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्यापुढे सॉकेट. आत शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वस्तू वाचते, करंट पाव अँपच्या वर जातच नाही. नीट असली तर बल्ब एकदा भपकन उजळून मंदावतो. एलईडी बल्ब चालत नाही, फिलामेंटचाच पाहिजे. आता तो मिळवणं हाच मोठा प्रकल्प आहे. मी डझनभर जपून ठेवलेत.

आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला २५० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज. तो मेकरच्या यादीत दिसला नाही.

कूलरग्रस्त | मंगळवार, सकाळी ११:३०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. कूलरचा पंप चालू-बंद केला की माझं ईएसपी३२ रिसेट होतं. दिवसातून वीस वेळा. सप्लाय मोबाइल चार्जरचा.

शिवाय आमच्याकडे लाईन जाते. कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही वीजकेंद्रं हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही मेणबत्ती शोधतो.

झीरो_माइल | मंगळवार, दुपारी १:१५

पंपाची मोटर म्हणजे कॉइल. बटण तुटतं त्या क्षणी ती उसळी मारते आणि ती वायरिंगमधून सगळीकडे पोचते. पंपाच्या स्विचवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेनवर लावायला चालणारा) कंडेन्सर सिरीजमध्ये करून आडवा लाव, तयार स्नबरही मिळतो. दुसरं, ईएसपीच्या पायांजवळ ४७० मायक्रोफॅरड आणि ०.१ दोन्ही. वायफाय सुरू होताना तो क्षणभर अर्धा अँपपर्यंत ओढतो. ब्रेडबोर्डच्या बारीक तारांतच व्होल्टेज पडतं आणि तो ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडलं) म्हणून ओरडतो. दोष बऱ्याचदा सप्लायचा नसतो, तारेचा असतो.

लाईनसाठी १८६५० सेल लावणार असशील तर एक लक्षात ठेव. लिथियम सेल चार्ज करायची मर्यादा सहसा ४५ अंश असते. टिनाखाली मे महिन्यात सेल नुसता ठेवला तरी तिथे पोचतो. मी चार्जिंग रात्री करतो, नवतपात तर करतच नाही.

तर्री_५५५ | मंगळवार, दुपारी २:००

तापमानावरून आठवलं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले होते, सगळ्या देशात बातमी. मग कळलं, सेन्सर चुकला. त्याच आठवड्यात माझा घरचा हवामानमापक ५४ दाखवून राहिला होता! मी फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. काकू म्हणाल्या घराबाहेर पडू नका. मामांनी चेन्नईहून फोन केला.

डबा उघडला तर सेन्सर ७८०५ च्या हीटसिंकपासून दोन बोटांवर. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, मधले ७ व्होल्ट सेन्सरची शेकोटी. बाहेर काढून सावलीत टांगला तर ४४. ग्रुपवर दुरुस्ती टाकायची हिम्मत झाली नाही. मामा अजून विचारतात.

मानेवाडा_मेकर | मंगळवार, रात्री १०:५०

सगळ्यांना धन्यवाद. पण आज मोठं नुकसान झालं.

अभ्रक लावलं, फ्यूज लावला. ३.३ वर लावून ईएसपी जोडला, लोड कमी म्हणून हीटसिंकही बरा होता. व्होल्टेज थोडं जास्त वाटलं म्हणून पॉट (व्होल्टेज बदलायचा फिरता रेझिस्टन्स) जरासा फिरवला आणि मीटरवर १४ दिसले. क्षणभरच. ईएसपीवर मधोमध तांदळाएवढा फोड आला. पॉट परत फिरवला तर सप्लाय ३.३ देतोय, जणू काही झालंच नाही.

हे कसं झालं?

रेवती_धरमपेठ | मंगळवार, रात्री ११:२५

अरेरे. हे मीही एकदा भोगलंय.

एलएम३१७ मध्ये आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पाय यांच्यात कायम १.२५ व्होल्ट असतात. अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडपर्यंत तुझा पॉट. त्याची वरची सरकपट्टी धुळीनं किंवा झिजेनं क्षणभर सुटली तर तिथला रेझिस्टन्स अनंत होतो, आणि चिप जेवढं देता येईल तेवढं देते. स्वस्त कार्बन पॉटमध्ये हे होणारच. रेडिओच्या जुन्या व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर आठवते ना? तीच खरखर, फक्त इथे आवाजाऐवजी व्होल्टेज.

तू बहुतेक २४० ओहम आणि ५ केचा पॉट घेतला असशील, सगळीकडे तेच चित्र असतं. त्यात १२ व्होल्ट सुमारे २०६० ओहमवर येतात. म्हणजे पॉटचा निम्म्याहून जास्त फेरा फुकट, आणि ३.३ ते ५ हे सगळं सुरुवातीच्या इवल्याशा भागात.

उपाय: पॉट काढ. तुला चारच व्होल्टेज हवेत. ग्राउंडकडचा रेझिस्टन्स १ के कायमचा सोल्डर कर आणि स्विचनं वरचा, म्हणजे आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमधला, बदल. १२ साठी ११६ ओहम, ९ साठी १६१, ५ साठी ३३३, ३.३ साठी ६१०. दोन-दोन जोडून जमव. आता स्विचचा संपर्क सुटला तर वरचा रेझिस्टन्स वाढतो आणि व्होल्टेज खाली येतं. सुटलं तरी सर्किट वाचतं. शिवाय आउटपुटवर एलईडी ठेव. लोड नसताना एलएम३१७ ला ५ ते १० मिलिअँप ओढणारं कोणीतरी लागतं, नाहीतर व्होल्टेज वर सरकतं. तुला ३.३ जास्त वाटले ते कदाचित त्यामुळेच.

जुना_एलिमिनेटर | बुधवार, सकाळी ६:१०

वा ताई. चाळीस वर्षं मी खालचाच रेझिस्टन्स बदलत आलो. कधी अपघात झाला नाही, पण तो नशिबाचा भाग म्हणायचा.

पुणेरी_पाहुणा | बुधवार, सकाळी १०:४५

थट्टा बाजूला. आता टाइप-सी चार्जरचा विचार कराच. पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर ५, ९, १५, २० व्होल्ट देतो, छोटं ट्रिगर बोर्ड लावून हवं ते मागता येतं. १२ मात्र गृहीत धरू नका, काही देतात, काही नाही. ६५ वॅटचा चार्जर मुठीत मावतो आणि शॉर्ट झाला की आपला आपण बंद होतो.

जुना_एलिमिनेटर | बुधवार, सकाळी ११:३०

आणि बिघडला की फेकायचा. उघडून पाहायची सोय नाही, आत ३२५ व्होल्टचा कंडेन्सर वायर काढल्यावरही भरलेला असतो. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला काही बिघडलं तर जिवाला धोका नाही.

दुसरं, हे दोन पिनी चार्जर हाताला झिणझिण देतात. टेस्टर लावा, अंधुक पेटतो.

झीरो_माइल | बुधवार, दुपारी १२:२०

काका, झिणझिण आतल्या वाय कंडेन्सरमुळे. आवाज दाबायला तो मेन आणि आउटपुट यांच्यात मुद्दाम ठेवलेला असतो. करंट अगदी थोडा, चांगल्या चार्जरमध्ये धोका नाही, पण ऑडिओला गुणगुण देतो. आउटपुटचा ग्राउंड तिसऱ्या पिनेनं अर्थला जोडला की जाते. अर्थात घरात अर्थ खरा असला तर! आमच्याकडे तिसऱ्या भोकात नुसती हवा होती.

मेकर, दोघांचं ऐक. चार्जर २० वर, पुढे बक, त्यापुढे एलएम३१७. बकनं हव्या व्होल्टेजच्या ३ वर आणून द्यायचं, शेवटचे ३ एलएम३१७ नं खायचे आणि किरकिर गाळायची. दोन पोलचा गोल स्विच घे, एक पोल बकला, एक एलएम३१७ ला. रेवतीताईंची युक्ती बकलाही लागू: फीडबॅक पायापासून (त्यावरून बक आउटपुट ठरवतं) ग्राउंडकडचा रेझिस्टन्स स्विचवर घे. तो सुटला तर बक १.२३ व्होल्टवर येतं.

कूलरग्रस्त | बुधवार, रात्री ८:००

स्नबर लावला. कालपासून एकही रिसेट नाही. बायकोनं विचारलं दोन दिवस काय करत होतात, म्हटलं कूलर दुरुस्त. खूश.

मानेवाडा_मेकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

झाला!

झीरो_माइल यांची रचना, रेवतीताईंचे रेझिस्टन्स. आउटपुटला अर्ध्या अँपचा पॉलिफ्यूज (थंड झाला की आपोआप परत जोडला जाणारा फ्यूज) लावला होता, तो दुपारी ३५० मिलिअँपलाच तुटायला लागला. मग कळलं, तो उष्णतेवरच चालतो, खोलीच तापली की त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. पाऊण अँपचा लावला.

आज दुपारी खोलीत ४१. पाच व्होल्ट, अर्धा अँप, दोन तास. मीटर ५.०२ वरून ५.०१ वर आला, बस. हीटसिंक तोच जुना, क्लिपवाला. तिथे आता दीडच वॅट जळतात. थर्मामीटरनं ७३ दाखवले. बोट एक सेकंद टिकतं, पाण्याचा थेंब चुर्र करत नाही. झाकणाला पाच भोकं पाडली. टिफिनचा दुसरा खण आईनं परत मागितला आहे.

ऑडिओत मात्र थोडी गुणगुण अजून आहे. अर्थ तपासतो.

सावजी_सर्किट | रविवार, रात्री ९:४५

हाबिणंदण! मंग तो १२-०-१२ काय करतो? देऊन टाक मले.

जुना_एलिमिनेटर | सोमवार, सकाळी ६:००

देऊ नकोस. गुणगुणीवर औषध तोच आहे. मधली शून्याची वायर ग्राउंड, ब्रिजमधून वर अधिक, खाली उणे. एलएम३१७ च्या जोडीला त्याचा उणे भाऊ एलएम३३७ लाव. पाय पाहून लाव, आत आणि बाहेर उलटसुलट असतात. ऑप-अँपला दोन्हीकडून १२-१२ मिळतील, करंट इवलासा, हीटसिंक गरमही होणार नाही. या वेळी मधली वायर मोकळी सोडू नको म्हणजे झालं.

मानेवाडा_मेकर | सोमवार, सकाळी ८:१५

काका, मग टिफिनचा दुसरा खण परत देता येत नाही. आईशी तुम्ही बोला.